चौदा एप्रिलचं भाडं

पीयूष चार वाजता येणार होता आणि पंचशील जेवणाच्या ताटावरून उठल्यापासून घड्याळ बघत होता. वीज कंपनीच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढलेला हा माणूस लोकांना ताटकळत ठेवण्यात तरबेज होता, पण स्वतःवर वाट बघायची पाळी आली की त्याचं पित्त खवळायचं. शोभना घरी असती तर तिने त्याला काहीतरी कामाला लावून गप्प केलं असतं. पण ती दोन दिवसांसाठी बेटम्याला बहिणीकडे गेली होती. घरात वकिलाचे कागद निघाले की पंचशीलच्या बायकोला हमखास बहिणीची आठवण यायची, आणि त्यात तिची फार चूक होती असंही म्हणवत नाही.

इंदूरच्या सुदामा नगरमधल्या त्या घरात त्या रविवारी दुपारी पाच माणसं होती आणि पाचही जणांनी एकच कागद वाचलेला होता. पीयूषच्या वकिलाने तो मोबाइलवर पाठवला होता. त्यात पंचशीलच्या टॅक्सी चालवणाऱ्या पुतण्याच्या, ज्ञानदीपच्या तोंडी असं घातलं होतं, की मी चौदा एप्रिल रोजी ॲपवरची ट्रिप वाटेत रद्द केली आणि प्रवासी कांताबाई यांच्याकडून महूपर्यंतचं भाडं रोख घेतलं. खाली सहीसाठी जागा मोकळी होती.

ट्रिप रद्द केली हे खरं होतं. रोख घेतलं हे खोटं होतं. आणि नेमक्या त्या खोट्याशिवाय कांताबाईंची भरपाई पुढे सरकत नव्हती.

चौदा तारखेला सकाळी कांताबाई सांवेरहून बसने इंदूरला उतरल्या. सांवेरच्या एका शाळेत त्या मुलांचं दुपारचं जेवण रांधतात. त्यांच्या मुलाने, पीयूषने, आपल्या मोबाइलवरून त्यांना महूपर्यंत टॅक्सी लावून दिली, आणि आली ती ज्ञानदीप खंडारेची गाडी. बाई बाबासाहेबांच्या जयंतीला त्यांच्या जन्मभूमीवर चालल्या आहेत हे कळताच ज्ञानदीपने ट्रिप रद्द केली, कारण खंडारेंच्या घरात चौदा एप्रिलला महूला जाणाऱ्याकडून भाडं घेत नाहीत. आजोबा शंकरराव फौजेत ड्रायव्हर होते. तिथून निवृत्त होऊन त्यांनी इंदूर-महू रस्त्यावर टेम्पो घातला, तेव्हापासूनचा हा नियम. टेम्पोत तो पाळणं सोपं होतं. हात पुढे करायचा नाही, संपलं. ॲपमध्ये भाडं न घेण्याचं बटणच नाही. ट्रिप पुरी केली की भाडं लागतंच, म्हणून ज्ञानदीप ती रद्द करायचा आणि माणसाला नेऊन सोडायचा. त्या दिवशी राऊच्या पुढे उलट्या बाजूने एक मोटरसायकल अंगावर आली, त्याने गाडी झटकन वळवली, आणि गाडी दुभाजकावर चढली. त्याचं मनगट मोडलं. मागे बसलेल्या कांताबाईंचं खुब्याचं हाड गेलं.

ऑपरेशन सरकारी कार्डावर झालं. पण मोठ्या पातेल्यासमोर उभं राहायला बाईंना सहा महिने तरी लागणार होते, आणि त्यानंतर तरी जमेल की नाही यावर डॉक्टर नुसती मान हलवत होते.

आत स्वयंपाकघरात पंचशीलची भावजय नंदिनी पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत होती. ज्ञानदीप तिचा एकुलता एक. तिच्या हाताखाली त्या कैऱ्यांचं काही खरं नव्हतं.

"प्रीती, एक सांग," ती म्हणाली, "चोरी केली नाही तरी चोरी केली असं लिहून द्यायचं, हा कुठला कायदा आहे?"

प्रीती ही पंचशीलची मुलगी. विजय नगरच्या एका ऑफिसात ती विम्याचे क्लेम तपासायची. दिवसाकाठी वीस-पंचवीस लोकांना 'मिळणार नाही' असं कळवणं हे तिचं काम, आणि घरी कोणी त्याबद्दल विचारलं की ती विषय बदलायची. आज विषय बदलायची सोय नव्हती.

"क्या है ना काकू, विमे दोन आहेत. एक ॲप कंपनीचा, तो ट्रिपबरोबर असतो. ट्रिप चालू तोवर प्रवाशाला काही झालं तर ते देतात, आणि लवकर देतात. ज्ञानूने ट्रिप कॅन्सल केली, तिथेच तो संपला. कांताबाई गाडीत बसल्या होत्या, पण कंपनीच्या रेकॉर्डमध्ये त्या गाडीत नाहीतच."

"आणि गाडीचा? तो तर आपण भरतो ना?"

"तो पप्पांच्या नावाचा. टॅक्सीचा आहे, त्यात प्रवासी धरलेत. पण भाडं देणारे. त्यांचा वकील म्हणणार, भाडं घेतलं नाही तर ती तुमची पाहुणी झाली, पाहुणीचा प्रीमियम कोणी भरला? आपला वकील म्हणणार, टॅक्सीत बसली ती प्रवासीच. आपण जिंकू पण शकतो. पण तीन साल, चार साल लागतील. आणि हरलो तर सगळी भरपाई मालकावर, मतलब पप्पांवर."

"आणि रोख घेतलं असं लिहिलं की?"

"की ती भाडं देणारी प्रवासी झाली. वकील म्हणतोय लोक अदालतीत एका तारखेत मिटेल. कांताबाईंना लवकर मिळेल, पप्पा पण सुटतील."

"आणि माझा पोरगा?"

प्रीतीने ग्लास पुसायला घेतले. "कंपनी त्याची आयडी बंद करेल. आता सस्पेंड आहे, मग कायमची. ट्रिप कॅन्सल करून कॅश घेणं ही ड्रायव्हरची सगळ्यात कॉमन चोरी आहे, काकू. कागदावर ज्ञानू तसाच दिसतो."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," नंदिनी म्हणाली.

तिच्या मनात दुसरंही काही होतं, पण ते ती पुतणीसमोर बोलली नाही. नवरा गेला तेव्हा ज्ञानदीप बावीस वर्षांचा होता आणि त्याच्याकडे बँकेला दाखवायला पगार नव्हता, म्हणून गाडीचं कर्ज आणि गाडी दोन्ही दिराच्या नावावर झालं. त्याबद्दल ती चार वर्षं पंचशीलची उपकृत होती आणि उपकृत राहून राहून आता ती थकली होती. पंचशीलला पुतण्याची सही हवी होती ती स्वतःची मान सोडवायला, असं तिने सकाळपासून धरून ठेवलं होतं. गर काढलेल्या कैऱ्यांच्या कोयी तिने बादलीत टाकल्या आणि पदराला हात पुसत ती बाहेर आली.

"भाऊजी, एक विचारू? ही सही त्या बाईसाठी पाहिजे की तुमच्यासाठी?"

पंचशील उखडेल असं सगळ्यांना वाटलं. तो उखडला नाही.

"दोघांसाठी. खोटं कशाला बोलू? रिटायरमेंटला पाच वर्षं राहिलीत. हरलो तर पगारातून कापतील, हे घर लिहून मागतील. पण ती बाई पण बिस्तरावर पडली आहे, ते पण खरं आहे ना? तिला चार साल थांब म्हणू का मी?"

"मग पोराला चोर म्हणवून घेऊ का मी?"

"मी करतो सही," ज्ञानदीप म्हणाला.

तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता, डावं मनगट पट्टीत. तेरा दिवसांत तो इतका कमी बोलला होता की आवाज ऐकून नंदिनीच दचकली.

"मी रोज दवाखान्यात जातो. ती मला एक शब्द वाईट बोलली नाही. माझा हात बांधलेला आहे म्हणून तीच मला केळं सोलून देते, पडल्या-पडल्या. मला तिथे बसवत नाही, मम्मी. आयडी गेली तर जाऊ दे. कुणाची पण गाडी चालवीन."

"तू चूप बस. चोर म्हणून एकदा नाव लागलं तर कोण देणार तुला गाडी?"

"मोठे बाबा बरोबर बोलतायत," ज्ञानदीप काकाकडे बघत म्हणाला.

आता नंदिनीला एकाच वेळी दिराशी आणि मुलाशी लढायचं होतं, म्हणून ती सासऱ्यांकडे वळली. शंकरराव दिवाणावर भिंतीला टेकून बसले होते. ऐंशी वर्षांचं शरीर, पण दाढी रोज सकाळी सहाला.

"बाबा, तुम्ही काहीतरी बोला."

"काय बोलू? मी तुमच्या त्या ॲपमध्ये कधी बसलो नाही."

आणि मग पंचशील उखडला. पुतण्यावर नाही, भावजयीवर नाही, थेट बापावर, आणि तेही पंचावन्नाव्या वर्षी.

"सगळं तुमच्या नियमापायी आहे, बाबा. कळतंय का? सोळा वर्षांचा होतो मी. तेरा तारखेला संध्याकाळी टेम्पो धुवायला मला लावायचे. चौदाला दिवसभर फेऱ्या, दहा-दहा, बारा-बारा, आणि घरी एक रुपया नाही. डिझेल घरचं. माझी फी दर साल एप्रिलमध्ये लेट व्हायची. मास्तर उभं करायचे वर्गात." त्याने श्वास घेतला. "आणि महूला उतरणाऱ्या बाया तुमच्या पाया पडायच्या, तुम्ही पडू द्यायचे नाहीत. लोक विचारायचे, किसका टेम्पो है. मी मागे लटकलेला असायचो. मी ओरडून सांगायचो, हमारा है."

त्याला पुढे बोलायचं होतं ते भलतंच काहीतरी होतं. नियम मोडीत काढा, सही करा, असं. पण ते तोंडातून निघेना.

"आता मीच लिहून देऊ की आम्ही पैसे घेतले?" तो म्हणाला, आणि हे आपण कोणाला विचारतो आहोत ते त्यालाही कळलं नाही.

नंदिनीने दिराकडे पाहिलं. फीची गोष्ट तिने या घरात एकोणतीस वर्षांत ऐकली नव्हती.

प्रीतीची मात्र पंचाईत झाली. सकाळपासून ती आणि पप्पा एका बाजूला होते, काकू दुसऱ्या. आता पप्पा काकूच्या बाजूला सरकले आणि सहीच्या बाजूने उरले ती आणि ज्ञानदीप. तिला ऑफिसात शिकवलेलं एकच आठवलं, की माणसं भांडायला लागली की रेकॉर्ड बघावं.

"ज्ञानू, तुझी हिस्ट्री दाखव. कॅन्सल केलेल्या ट्रिपा. चारही सालच्या."

तिने त्याचा मोबाइल घेतला आणि बोटाने यादी वर सरकवत गेली. पहिल्यांदा तिला बरं वाटलं. वर्षभरात इकडे-तिकडे एखादी रद्द ट्रिप, आणि चौदा एप्रिलला एकदम रांग. यंदा कांताबाईंच्या आधी तीन. गेल्या साली अकरा. त्याच्या आधी नऊ, त्याच्या आधी आठ. सगळ्या महूच्या, सगळ्या माणूस गाडीत बसल्यानंतर रद्द. चोर असा वर्षातून एकच दिवस, एकाच रस्त्यावर चोरी करत नाही. हे दाखवता येण्यासारखं होतं.

दुसऱ्यांदा ती तीच यादी ऑफिसातल्या टेबलाशी बसल्यासारखी बघायला लागली, आणि तेव्हा तिला बरं वाटेनासं झालं.

"काय झालं?" पंचशीलने विचारलं.

"बत्तीस ट्रिपा आहेत, पप्पा. कांताबाई धरून. एका गाडीत तीन, चार माणसं. पोरं पण असतील. या सगळ्यांना आपण विम्याशिवाय नेलं."

"फुकट नेलं," नंदिनीने दुरुस्ती केली.

"हो काकू, फुकट. तेच म्हणतेय मी. टेम्पोच्या टाइमला काही फरक नव्हता, तेव्हा कुणाला काही मिळायचंच नाही. आता भाड्याच्या सोबत विमा येतो. आपण भाडं सोडलं तर विमा पण सोडला. तो तर त्यांचा होता. त्यांना विचारलं पण नाही आपण."

ज्ञानदीपचा चेहरा उतरला. त्याने ते असं कधी मोजलं नव्हतं. नंदिनीला प्रीतीचा राग आला.

शंकररावांनी पाय दिवाणावरून खाली घेतले. ऐकू त्यांना कमी यायचं, पण हे त्यांनी पूर्ण ऐकलं होतं. फौजेत बावीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला. गेटमधून गाडी सुटायच्या आधी ड्यूटीच्या चिठ्ठीवर मागे बसलेल्या माणसांची संख्या लिहायची असे. एकदा एका साहेबाने घाईत चिठ्ठीबाहेरची दोन माणसं बसवली तर शंकररावांनी गाडी बंद करून किल्ली खिशात घातली होती. ती गोष्ट ते नातवंडांना इतक्यांदा सांगायचे की नातवंडं पुढचं वाक्य आधी म्हणायची. आणि त्याच माणसाच्या नियमाने चार वर्षं दर चौदा एप्रिलला चिठ्ठीबाहेरची माणसं गाडीत बसत होती. आपण कधी चुकलो हे त्यांना शोधायचं होतं आणि तो दिवस सापडत नव्हता. शहाऐंशी साली राऊजवळ चपला हातात घेऊन चालणारं ते पहिलं कुटुंब त्यांनी टेम्पोत घेतलं, त्यात तर काही चूक नव्हती.

पीयूष चारला पाच कमी असताना आला. तो सांवेरच्या बियाण्याच्या दुकानात कामाला होता आणि आज इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून काढला, पण हातातच ठेवला.

"जय भीम बाबूजी. जय भीम अंकलजी."

नंदिनीने त्याला पाणी दिलं. भांडायला आलेला माणूस असता तर तिला सोपं गेलं असतं. हा खुर्चीच्या कडेवर बसला होता.

"पीयूष," पंचशील म्हणाला, "भाडं घेतलं नाही हे तुला माहीत आहे का?"

"माहीत आहे अंकलजी. कॅन्सलचा मेसेज माझ्या मोबाइलवर आला ना. मी घाबरलो, मम्मीला उतरवून दिलं की काय. लगेच फोन लावला. तर मम्मी म्हणाली, गाडीतच आहे, पोरगा पैसे नको म्हणतोय." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "वकील साहेब म्हणाले, हे कुठे बोलायचं नाही. मला पण बरं नाही वाटत. पण शाळेवाल्यांनी दुसरी बाई ठेवली, भिया. मम्मीला मी काय सांगू?"

'भिया', म्हणजे भाऊ, तो ज्ञानदीपला म्हणाला होता. ज्ञानदीप उठला, त्याने कागद घेतला आणि टेबलावर ठेवून पेन शोधायला लागला.

"तुमच्या आईनेही लिहून दिलं का, पैसे दिले असं?" शंकररावांनी विचारलं.

"नाही बाबूजी. तिची सही पण लागेल. ती म्हणते, त्याने आधी लिहिलं तर लिहीन. मी पहिले त्याच्यावर नाही घालणार."

"ज्ञानू, पेन ठेव. पीयूष, त्यांना फोन लाव. आवाज मोठा कर."

दवाखान्यातल्या गलबल्यातून कांताबाईंचा आवाज आला, पातळ पण ठाम. त्यांनी आधी पोराच्या हाताची चौकशी केली. शंकररावांनी मग आपण कोण ते सांगितलं.

"ताई, एक विचारतो. पोरगा भाडं नको म्हणाला तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"खरं सांगू का? राग तर नाही ना येणार?"

"सांगा."

"मी म्हटलं, घे बेटा. तो म्हणाला, आमच्या आजोबांचा नियम आहे. मग मी चूप बसले. मोठ्या माणसाचा नियम, मी काय बोलू? पण मला बरं नाही वाटलं, बाबा. दर साल मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जाते. कुणी बसवून घेतं, कुणी उतरवून देतं. या साली मनात होतं, आपल्या कमाईने जायचं. टॅक्सीत बसून, भाडं देऊन, बाबासाहेबांच्या घरी. पैसे रुमालात बांधून ठेवले होते. ते पोराने घेतलेच नाहीत. परत ट्रॉलीसारखंच झालं."

एकोणचाळीस वर्षांत किती लोकांनी शंकररावांचे आभार मानले होते, आणि गाडीत बसलेल्या माणसाला काय वाटलं हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं, तेही हाड मोडल्यावर. त्यांना वाईट वाटलं. चारचौघांत पोरांसमोर वाटलं म्हणून लाजही वाटली, आणि ती लपवायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

"तुम्ही बरोबर आहात, ताई," ते म्हणाले. "प्रीती, कागद घे. कोरा घे. लिही."

प्रीतीने वही ओढली.

"ट्रिप रद्द केली ती भाडं खायला नाही. भाडं घ्यायचं नाही म्हणून केली. चौदा एप्रिलला महूच्या माणसाकडून भाडं घ्यायचं नाही हा नियम माझा, शंकरराव खंडारेचा. पोराने तो पाळला. गाडीचा मालक माझा मुलगा आहे आणि त्याला तो माहीत होता."

"आजोबा, थांबा." प्रीतीने पेन उचललं. "हे असं लिहिलं तर विमावाले सहज सोडणार नाहीत. आणि मालकाला माहीत होतं म्हटलं, तर पप्पा पक्के अडकले. मग पप्पा हे नाही म्हणू शकत की ड्रायव्हरने परस्पर केलं."

सगळ्यांनी पंचशीलकडे पाहिलं. मुलाच्या पगारावर आणि मुलाच्या म्हातारपणावर बोलायचा शंकररावांना हक्क नव्हता आणि ते त्यांना कळत होतं. नंदिनीला वाटलं, आता भाऊजी म्हणणार की मला माहीत नव्हतं. म्हणाले असते तर तिने या क्षणी त्यांना दोष दिला नसता.

पंचशीलने वही आपल्याकडे फिरवली आणि चष्मा लावून वाचली. ऑफिसात ड्राफ्ट तपासायची त्याची हीच पद्धत होती, ओठ हलवत, दोनदा.

"'माहीत होता' हे कच्चं आहे," तो म्हणाला. "'मालकाच्या संमतीने' लिही. मागे लटकून मीच ओरडायचो ना."

प्रीतीने लिहिलं. त्याने सही केली, खाली तारीख घातली. मग ज्ञानदीपने केली, मग शंकररावांनी, मोठ्या अक्षरात, फौजेतल्या पगाराच्या कागदावर करायचे तशी.

"आणि ती चार सालची यादी जोडते मी," प्रीती म्हणाली.

"तुझ्या टेबलावर हा कागद आला असता तर तू काय केलं असतंस?" नंदिनीने विचारलं.

प्रीतीने खोटं बोलायचा विचार केला आणि सोडला. "नाही म्हटलं असतं, काकू. पण यादी बघितली असती तर वरच्या साहेबाकडे पाठवलं असतं. एवढी आशा आहे."

"आणि तोवर?" पीयूषने हळूच विचारलं. "चार साल?"

"तोवर माझी पेन्शन आहे," शंकरराव म्हणाले. "शाळेत जे मिळायचं ते दर महिन्याला सांवेरला पोचेल."

"नको," असा आवाज आला.

सगळे दचकले. फोन कोणी बंदच केला नव्हता. टेबलावर पडल्या-पडल्या तो सगळं पलीकडे पोचवत होता.

"फुकटचं नको, बाबा," कांताबाई म्हणाल्या. "आत्ताच सांगितलं ना."

"फुकट नाही, मावशी," प्रीती फोनकडे झुकली. "भरपाईतला हा आगाऊ हप्ता. कोर्टाकडून मिळेल त्यातून वळता होणार. मी तसं लिहून देते, तुम्ही सही करा."

"आणि विमावाल्यांनी हरवलं तर?"

"तर मालकाने द्यायचं," पंचशील म्हणाला. "हक्काचं आहे तुमचं. मी लिहून दिलंय."

"मग ठीक."

नंदिनी पन्हं घेऊन आली. या घरात पहिला ग्लास सासऱ्यांना जातो. आज तिने तो दिरासमोर ठेवला. पंचशीलच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे, पण शंकररावांच्या आलं, आणि त्यांनी आपला दुसरा ग्लास मुकाट्याने घेतला.

"पोरगा आहे का तिथे?" फोनमधून आवाज आला.

"आहे, मावशी," ज्ञानदीप म्हणाला.

"मी अजून महूला पोचलेच नाही, माहीत आहे ना? राऊपर्यंतच आले."

"हो मावशी."

"खुबा जुळला की जाणार आहे. जयंती नसली तरी चालेल. तुझी आयडी चालू झाली तर तुझ्याच गाडीने. पण ट्रिप लावून, आणि गेटपर्यंत चालू ठेवून. उतरताना भाडं मी देणार." त्या थांबल्या. "आजोबांना विचार, चालेल का."

ज्ञानदीपने आजोबांकडे पाहिलं. विचारायची त्याची हिंमत झाली नाही. पंचशीलने ग्लास खाली ठेवला. शंकरराव दिवाणावरून उठले, भिंतीला धरून टेबलापर्यंत आले आणि फोनवर वाकले, कारण हे लांबून बोलण्यासारखं नव्हतं.

"घेईल, ताई," ते म्हणाले.